कुणकुण लागते, कानोसा घ्यावा लागतो

इंग्रजीत ‘इंकलिंग’ असा एक शब्द आहे. एखादी गोष्ट नक्की ठाऊक नाही, पण तिचा पुसटसा अंदाज आलाय, अशा वेळी तो वापरतात. शाळेत असताना मला वाटायचं, याचा संबंध ‘इंक’शी, म्हणजे शाईशी असणार. तसं नाही. मध्ययुगीन इंग्रजीत हलक्या आवाजात बोलणं या अर्थाचं एक क्रियापद होतं, त्यातून तो आला. म्हणजे आपली ‘कुणकुण’च की! तीही आवाजावरूनच घडलेली. अर्धवट कळण्याची जागा दोन्ही भाषांना कानातच सापडली.

मराठीनं मात्र एक बारकावा जपलाय. कुणकुण लागते, चाहूल लागते, सुगावा लागतो. जशी तहान लागते, ठेच लागते. त्यात आपलं कर्तृत्व काही नाही. कानोसा मात्र घ्यावा लागतो, खबर काढावी लागते. या दोहोंमधल्या अंतरात केवढा इतिहास घडू शकतो, हे आमच्या कसबा पेठेनं पाहिलंय.

५ एप्रिल १६६३ची रात्र. औरंगजेबाचा मामा शाहिस्तेखान लाल महालात मुक्कामाला होता. महिना रमजानचा. दिवसभराच्या रोज्यानंतर माणसं गाढ झोपलेली. सहरीच्या तयारीसाठी काही आचारी तेवढे उठलेले. शिवाजी महाराज निवडक माणसांनिशी मुदपाकखान्यात शिरले. तिथून जनानखान्याकडे जाणारी वाट विटामातीनं बुजवलेली होती. ती फोडायला सुरुवात झाली.

पुढचं खाफीखान या फारसी इतिहासकारानं लिहून ठेवलंय. आवाज ऐकून एक नोकर खानाला उठवायला गेला. झोपमोड झाल्यानं खान चिडला. रोज्यांचा महिना आहे, स्वयंपाकाला माणसं उठली असतील, असं त्याचं म्हणणं पडलं. मग एकामागून एक दासी सांगत आल्या, की भिंतीला भोक पाडताहेत. तेव्हा कुठे तो उठला. तोवर उशीर झाला होता. हल्लेखोरांपैकी काहींनी तर नगारखान्यात जाऊन नगारे वाजवायला लावले, म्हणजे कुणाला कुणाचं ऐकूच जाऊ नये! खान बोटं गमावून वाचला, त्याचा मुलगा अबुल फतह मारला गेला. पुढे बादशहानं मामाला बंगालच्या सुभ्यावर धाडलं.

खानाला कुणकुण लागली नाही, असं आपण सहज म्हणून जातो. लागली होती, त्यानं कानोसा घेतला नाही. आणि त्याला मूर्ख म्हणायला माझी जीभ रेटत नाही. रमजानात पहाटे आमच्याही घरी भांडी वाजतात, कुणी दचकत नाही. ओळखीच्या आवाजाआड अनोळखी आवाज लपतो, तो असा. महाराजांचं बालपण याच वाड्यात गेलेलं. वाडा त्यांना ठाऊक होता, पण त्यांनी आठवणीवर भिस्त ठेवली नाही. त्यांचे जासूद खबर काढत होते. आज दिसतो तो लाल महाल महापालिकेनं नंतर बांधलेला आहे. तिथे मुलांना तुटलेली बोटं दाखवतात. तो नोकरही दाखवावा, असं मला वाटतं.

याची दुसरी बाजूही आहे. डिसेंबर १९९२. मी तेव्हा विशीतला. एका रात्री गल्लीत कुजबुज सुरू झाली, की पलीकडच्या आळीतून जमाव येतोय. दारं लागली, कुणी माळ्यावरच्या काठ्या काढल्या. आमची दादी मात्र म्हणाली, “जा, देख के आ.” भीत भीत कोपऱ्यापर्यंत गेलो. समोरून तांबट आळीतला माझा शाळूसोबती येत होता. त्यालाही त्याच्या आजीनं पाठवलं होतं. त्यांच्याकडे बातमी होती, की जमाव आमच्या बाजूनं येतोय! रस्ता रिकामा होता. दोघंही हसलो नाही. तेवढं बळ नव्हतं. घरी जाऊन सांगितलं, “कुणी नाही.” काठ्या पुन्हा माळ्यावर गेल्या.

खानानं कुणकुण उडवून लावली, आम्ही ती खरी धरून बसलो होतो. चूक एकच. कुणकुण ही बातमी नव्हे. बघून यायला सांगणारी ती हाक आहे. हल्ली ती मोबाइलवर नगाऱ्यासारखी वाजते आणि तिच्या गलक्यात खरा आवाज बुडून जातो. अशा वेळी मला दादीचे ते तीन-चार शब्द आठवतात. उठायला जिवावर येतं. तरी उठावं, दार उघडावं आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन यावं.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)