महोनिंग खोऱ्यातील भट्ट्या आणि मतपेट्या

अमेरिकेच्या ओहायो राज्यात महोनिंग नावाची नदी आहे. तिच्या काठी वसलेल्या यंग्जटाउन शहराचे नाव आमच्या वाचकांपैकी थोड्यांनीच ऐकले असेल. परंतु कारखाने परदेशी गेले म्हणजे मागे राहिलेल्या माणसांच्या मताचे काय होते, हा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांनी या शहराचा इतिहास अवश्य अभ्यासावा. आम्ही तो निवडला याला आणखी एक कारण आहे. या कथेत ख्रिस्तसभा केवळ प्रेक्षक नव्हती. ती कथेतील एक पात्र होती.

१९०० साली येथे ‘यंग्जटाउन शीट अँड ट्यूब’ ही पोलाद कंपनी स्थापन झाली. नदीच्या दोन्ही तीरांवर मैलोगणती भट्ट्या उभ्या राहिल्या. त्यांत राबावयास आयरिश आले, त्यांच्यामागून इटालियन, स्लोव्हाक, पोलिश, क्रोएशियन आणि हंगेरियन आले, दक्षिणेतून कृष्णवर्णीय कुटुंबे आली. कॅथलिक स्थलांतरितांनी प्रथम काय केले असेल, तर आपापल्या भाषेचे चर्च बांधले. एकाच गल्लीच्या दोन टोकांना दोन धर्मग्राम, आणि दोन्हीकडे निराळ्या भाषेत पापनिवेदन, अशी तेथील स्थिती होती. १९३० मध्ये शहराची लोकसंख्या १,७०,००० होती. १९४३ मध्ये यंग्जटाउन हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

मतदानाची सवय याच काळात जडली. १९३७ च्या पोलाद संपात या शहरात रक्त सांडले; तथापि पुढील पाच वर्षांच्या आत कामगार संघटनेस मान्यता द्यावीच लागली. रूझवेल्ट यांचा डेमोक्रॅटिक पक्ष हा कामगारांचा पक्ष, ही समजूत तेव्हापासून घराघरांत रुजली. कोणास मत द्यावे हे कोणी फारसे विचारीत नसे. संघटनेच्या सभागृहात, चर्चच्या तळघरातील जेवणावळीत, गिरणीच्या फाटकापाशी ते आपोआप ठरत असे. आमच्या मते या साध्या वस्तुस्थितीकडे पुष्कळ अभ्यासकांचे दुर्लक्ष झाले आहे. मत हे मतपेटीपाशी एकट्याने ठरविलेले नसते. ते आधी चारचौघांत शिजते.

१९६९ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथील लाइक्स या जहाजवाहतूक करणाऱ्या कंपनीने ‘शीट अँड ट्यूब’ विकत घेतली. नव्या मालकांनी जुन्या भट्ट्यांच्या नूतनीकरणासाठी पैसा घातला नाही. जपानी पोलाद तर स्वस्तात बाजारात येतच होते. सोमवार, १९ सप्टेंबर १९७७ रोजी कंपनीने कॅम्पबेल येथील कारखान्याचा बहुतांश भाग बंद करीत असल्याचे जाहीर केले. सुमारे पाच हजार माणसांची रोजी एका घोषणेने गेली. तेथे आजही त्या दिवसास ‘काळा सोमवार’ म्हणतात. दोनच वर्षांनी, नोव्हेंबर १९७९ मध्ये, यू. एस. स्टील या बलाढ्य कंपनीनेही आपले तेथील कारखाने बंद करण्याचा निर्णय घेतला.

येथे एक खुलासा केला पाहिजे. ‘आमच्या नोकऱ्या परदेशी गेल्या’ हे वाक्य पुढे तेथील राजकारणाचे पालुपद झाले. पण १९७७ साली कोणी भट्ट्या उचलून जपानला नेल्या नव्हत्या. दूरस्थ मालकांची अनास्था, जुनाट यंत्रे आणि परदेशी माल या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या होत्या. कामगारांनी पहिल्या काही दिवसांतच एक लाखावर सह्या गोळा करून वॉशिंग्टन गाठले, तेव्हा त्यांची मुख्य मागणी परदेशी पोलादाची आयात रोखावी अशी होती. मालकाकडे बोट दाखविण्यापेक्षा समुद्रापलीकडे बोट दाखविणे सोपे असते. नोकऱ्या खरोखरीच उचलून नेण्याचा प्रकार शेजारच्या वॉरन गावी घडला. तेथील पॅकार्ड इलेक्ट्रिक ही जनरल मोटर्सची शाखा मोटारींच्या वायरिंगचे काम करी, आणि एके काळी तीत दहा हजारांहून अधिक माणसे होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून हे काम हळूहळू मेक्सिकोतील सिउदाद हुआरेस येथे जाऊ लागले. तेथे घोषणा झाली नाही, काळा सोमवार आला नाही. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत, इतकेच.

आता ख्रिस्तसभेच्या कार्याविषयी. यंग्जटाउनचे कॅथलिक बिशप जेम्स मॅलोन आणि एपिस्कोपल चर्चचे बिशप जॉन बर्ट यांनी इतर पंथांच्या व यहुदी समाजाच्या धर्मगुरूंना एकत्र आणून एक आघाडी उभारली. बंद पडलेला कारखाना कामगारांनी व नागरिकांनी मिळून विकत घ्यावा आणि चालवावा, अशी तिची योजना होती. ‘आपले खोरे वाचवा’ या नावाने बँकांत खाती उघडली गेली. सामान्य कुटुंबांनी आणि धर्मसंस्थांनी त्यांत लाखो डॉलर ठेवण्याची तयारी दाखविली. परंतु कारखाना चालविण्यास याहून कितीतरी मोठे भांडवल हवे होते. सरकारने कर्जास हमी द्यावी असा अर्ज गेला. १९७९ च्या मार्चमध्ये कार्टर सरकारने तो नाकारला. कार्टर हे डेमोक्रॅटिक पक्षाचे, म्हणजे या खोऱ्याने निवडून दिलेल्या पक्षाचेच राष्ट्राध्यक्ष होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. यू. एस. स्टीलविरुद्ध कामगार न्यायालयात गेले. न्यायालयाने सहानुभूती दाखविली, पण कारखान्यावर गावाचा हक्क सांगणारा कायदाच अस्तित्वात नाही असा निर्णय दिला.

हे सर्व निष्फळ ठरले असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. मॅलोन पुढे १९८३ मध्ये अमेरिकेच्या बिशप परिषदेचे अध्यक्ष झाले, आणि १९८६ साली त्या परिषदेने अर्थव्यवस्थेतील न्यायाविषयी जे पाळकीय पत्र काढले, ते त्यांच्याच कारकिर्दीत. कारखाना बंद करण्याविषयी साठ दिवसांची पूर्वसूचना मोठ्या कंपन्यांना बंधनकारक करणारा कायदा १९८८ मध्ये झाला. तरीही आमचा एक आक्षेप राहतोच. १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’पासून १९८१ च्या ‘लाबोरेम एक्सर्सेन्स’पर्यंतची परिपत्रके सेमिनरीत शिकताना, कामगाराचे हक्क कोणापुढे मांडावयाचे हे आम्हास स्पष्ट दिसे, मालक समोर असे. येथे मालक समोर नव्हता. तो न्यू ऑर्लिन्सला होता, पुढे तर भागधारकांच्या यादीत विरून गेला. १९३७ साली कामगार ज्या फाटकासमोर उभा राहत असे, ते फाटकच आता उरले नव्हते. (२०२५ मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे, स्वतः अमेरिकेतील शिकागोचे, यांनी लिओ तेरावे यांची आठवण ठेवूनच हे नाव घेतले.)

मतदारांनी काय केले? लगेच पक्ष बदलला असे वाचकांस वाटेल. तसे झाले नाही. त्यांनी प्रथम एक माणूस निवडला. जेम्स ट्रॅफिकंट हा महोनिंग काउंटीचा शेरीफ होता. कर्ज थकलेल्या बेकार कुटुंबांना घराबाहेर काढण्याच्या आदेशांवर अंमल करण्यास त्याने नकार दिला आणि त्यासाठी तुरुंगवासही पत्करला. १९८४ मध्ये लोकांनी त्यास काँग्रेसवर पाठविले. तो शिवराळ होता, परदेशी मालाविरुद्ध गरजत असे आणि आपल्याच पक्षाच्या नेत्यांना जुमानीत नसे. २००२ मध्ये लाचखोरीच्या गुन्ह्यांत तो दोषी ठरला, सभागृहातून त्याची हकालपट्टी झाली; आणि त्याच वर्षी त्याने तुरुंगातून निवडणूक लढविली, तेव्हाही सुमारे पंधरा टक्के मते त्यास पडली. आम्ही या गृहस्थाचे समर्थन करीत नाही. परंतु ज्याने आपल्या शेजाऱ्याचे घर वाचविले त्याची लाच मतदार क्षमा करतो, हे सत्य सुखवस्तू टीकाकारांना आकळत नाही.

मधल्या काळात १७ नोव्हेंबर १९९३ रोजी मेक्सिको व कॅनडाशी मुक्त व्यापाराचा करार २३४ विरुद्ध २०० मतांनी काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहात संमत झाला. त्या सभागृहातील बहुसंख्य डेमोक्रॅटिक सभासदांनी विरोधी मत दिले. पण त्यावर स्वाक्षरी केली ती त्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी. २००१ च्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला. २००० मध्ये अमेरिकेतील कारखान्यांत सुमारे १ कोटी ७० लाख लोक कामास होते; २०१० मध्ये ते १ कोटी १५ लाखांच्या आसपास उरले. सर्वच नोकऱ्या चीनने नेल्या नाहीत, यंत्रांनीही पुष्कळ नेल्या. तरी डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की चिनी मालाचा मारा ज्या भागांत अधिक झाला, तेथे मते मध्यममार्गी उमेदवारांपासून दूर गेली. गोऱ्या बहुसंख्येच्या भागांत ती कट्टर रिपब्लिकनांकडे वळली. अल्पसंख्याकांचे प्राबल्य असलेल्या भागांत डाव्या डेमोक्रॅटांकडे. तोटा एकच, पण त्याचा राजकीय अर्थ प्रत्येक समाजाने निराळा लावला.

महोनिंग काउंटीने २०१२ मध्ये ओबामा यांना साठ टक्क्यांहून अधिक मते दिली होती. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन तेथे जेमतेम तीन टक्क्यांच्या फरकाने तरल्या, आणि शेजारची ट्रम्बुल काउंटी ट्रम्प यांच्याकडे गेली. जुलै २०१७ मध्ये ट्रम्प यांनी यंग्जटाउनच्या सभेत सांगितले, की नोकऱ्या परत येत आहेत, घरे विकू नका. मार्च २०१९ मध्ये लॉर्ड्सटाउन येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यातून शेवटची मोटार बाहेर पडली. तो १९६६ पासून चालू होता. तो बंद होण्यापूर्वीच त्या कंपनीने आपली एक नवी गाडी मेक्सिकोत बनविण्याचे ठरविले होते. आश्वासन असे उघडे पडल्यावर खोरे पुन्हा जुन्या पक्षाकडे वळेल हा अंदाज चुकला. २०२० मध्ये महोनिंग काउंटीतही ट्रम्प विजयी झाले. १९७२ मधील निक्सन यांच्यानंतर प्रथमच तेथे रिपब्लिकन उमेदवार जिंकला.

काळा सोमवार ते हा निकाल यांत त्रेचाळीस वर्षे गेली. इतका विलंब का? आमचे उत्तर असे, की कारखाना गेला तरी सवय काही काळ टिकते. जोवर ती सवय सांभाळणारी माणसे आणि जागा टिकतात तोवर. संघटनेचे जुने सभासद वारले, तरुण परगावी गेले. १९३० चे एक लाख सत्तर हजारांचे शहर २०२० च्या शिरगणतीत साठ हजारांवर आले. २०१० च्या सुमारास धर्मप्रांतालाही अनेक धर्मग्राम एकमेकांत विलीन करावे लागले. जेथे मत शिजत असे ती चूलच विझली, आणि मतदार आपल्या दूरचित्रवाणीसमोर एकटा बसला. धर्म, गर्भपात, स्थलांतरित, वर्ण हे इतर प्रश्न त्याच्यापर्यंत थेट पोहोचले, ते याच कारणाने. केवळ नोकऱ्यांनी हा पालट घडविला असे आम्ही म्हणत नाही. नोकऱ्या गेल्याने त्यास आडकाठी करणारे कोणी राहिले नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

लॉर्ड्सटाउनच्या जुन्या कारखान्यालगत जनरल मोटर्स आणि दक्षिण कोरियाची एलजी यांनी मिळून विजेच्या मोटारींसाठी बॅटऱ्यांचा नवा कारखाना काढला. २०२२ च्या डिसेंबरात तेथील कामगारांनी संघटनेत सामील व्हावे की नाही यावर मतदान केले: सामील व्हावे म्हणणारे ७१०, नको म्हणणारे १६. दोन वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, महोनिंग आणि ट्रम्बुल या दोन्ही काउंट्यांनी ट्रम्प यांना पूर्वीपेक्षा अधिक फरकाने निवडून दिले.