अंधारात गुंडाळलेला कागद

फिल्मवर तारे टिपायचे त्या काळात खरी मेहनत फिल्म तयार करण्यात असे. कोडॅकची २४१५ ही फिल्म हौशी मंडळी हायड्रोजन-नायट्रोजनच्या मिश्रणात तासन्‌तास तापवत. जिलेटिनमधला ओलावा आणि प्राणवायू निघून गेला की ती मंद प्रकाश जास्त चांगला पकडी. कोकणातल्या हवेत ती बाहेर काढताच पुन्हा ओलावा धरणार! पण सूर्याचे उपद्व्याप फोटोच्या कागदावर उतरवण्याचं काम अलिबागला अनेक दशकं रोज चाललं, तेही आकाशाकडे भिंग न रोखता.

सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोतानं पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलतं. ते मोजणारे चुंबक आधी मुंबईत, कुलाबा वेधशाळेत होते. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर ते बिथरणार हे उघड होतं. म्हणून संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात, १९०४मध्ये, अलिबागला लोखंडाविना बांधलेली वेधशाळा सुरू झाली. १९०६पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, नव्या आकड्यांचा जुन्यांशी सांधा जुळावा म्हणून. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना जुनी यंत्रणा बदलताना दोन आठवडेही कुणी देत नाही.

टांगलेल्या चुंबकाला इवलासा आरसा, त्यावर दिव्याचा किरण, आणि परतलेला ठिपका घड्याळावर फिरणाऱ्या नळकांड्यावर. त्या नळकांड्याला लाल उजेडात ब्रोमाइडचा कागद गुंडाळायचा. दुसऱ्या दिवशी काढून डेव्हलप करायचा, हायपोत बुडवायचा आणि भरपूर धुवायचा. हायपो राहिला तर पुढे डाग पडतात. धुतलेला कागद वाळताना आकसतो. म्हणून पक्क्या बसवलेल्या दुसऱ्या आरशाची सरळ रेघ त्याच कागदावर उमटवत आणि चुंबकाची रेघ तिच्यापासून मोजत. कागद आकसला तर दोन्ही रेघा सोबतच सरकणार. ही युक्ती मला फार आवडते.

मोठ्या वादळात मात्र ठिपका इतका पळे की कागदाला प्रकाश पुरत नसे. रेघ फिकी होई, कधी कागदाबाहेरच जाई. सप्टेंबर १८५९च्या प्रचंड वादळात लंडनकडच्या क्यू आणि ग्रिनिच वेधशाळांत हेच झालं. कुलाब्याला फोटोची यंत्रं तेव्हा आलेली नव्हती. तिथे माणसं डोळ्यांनी वाचून आकडे वहीत लिहीत होती. २००३मध्ये ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लखिना आणि सहकाऱ्यांनी ते आकडे पुन्हा तपासले, तेव्हा त्यांत सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण सापडली.