पगार शाळेचा, बांधिलकी मुलाशी

हजेरीपटावर एखाद्या मुलापुढे आठवडाभर गैरहजेरी लागली की शाळा शेरा मारते, फार तर पालकांना चिठ्ठी धाडते. घरी आई आजारी आहे, भाडे थकल्याने बिऱ्हाड हलले आहे, की वर्गातच कुणाची धास्ती आहे, हे कळायला मात्र कुणीतरी उठून त्या घरी जावे लागते. १९०६-०७ च्या सुमारास न्यूयॉर्क, बॉस्टन आणि हार्टफर्ड येथे हे काम सुरू झाले, तेव्हा त्याचा खर्च शाळेबाहेरच्या संस्था उचलत. १९१३ मध्ये रॉचेस्टरच्या शिक्षण मंडळाने अशा कार्यकर्त्यांना आपल्याच नोकरीत घेतले आणि या क्षेत्राचा मूळ पेच उभा राहिला: पगार शाळेचा, बांधिलकी मुलाशी.

नव्या वाचकाने या पुस्तकातल्या शालेय समाजकार्याच्या मानकांकडे या पेचातूनच पाहावे. अमेरिकेतील समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने ती प्रथम १९७८ मध्ये ठरवली. अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा होऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. २०१२ च्या आवृत्तीत अकरा मानके आहेत. पात्रता, प्रशिक्षण वगैरे कोणत्याही व्यवसायात असतेच, ते भराभर वाचले तरी चालेल. रेंगाळावे ते कार्यभाराच्या मानकापाशी. २५० विद्यार्थ्यांमागे एक कार्यकर्ता, आणि मुलांच्या गरजा तीव्र असतील तर ५० मागे एक, असे प्रमाण तिथे सुचवले आहे. ही शिफारस आहे, सक्ती नव्हे. तरीही मधल्या सुट्टीतली देखरेख आणि रजेवरच्या शिक्षकांचे तास गळ्यात पडू लागले की मुख्याध्यापकांसमोर ठेवायला हातात कागद तरी असतो.

नोंदींचे मानक दिसते रुक्ष, पण तसे ते नाही. मुलीने विश्वासाने सांगितलेले किती लिहायचे, कुणाला दाखवायचे? तिची गोष्ट स्टाफरूमच्या चहाबरोबर फिरली, तर ती पुन्हा तोंड उघडायची नाही.

आपल्याकडे समाजकार्याचे औपचारिक शिक्षण मुंबईत १९३६ मध्येच सुरू झाले. तरी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृहे, ग्रंथालय असे सारे मोजते. समाजकार्यकर्ता तिच्यात नाही. त्यामुळे दिवाळीच्या आगेमागे बीडकडची कुटुंबे ऊसतोडीला निघाली की त्यांच्या मुलांचा पाठपुरावा बहुधा वर्गशिक्षकाच्याच माथी येतो. अशा शिक्षकांनी हे पुस्तक खुशाल कार्यभाराच्या प्रकरणापासून उघडावे.