ॲपचा सूत्रधार

नवं ॲप पहिल्यांदा उघडलं की तीन-चार रंगीत पानं समोर येतात. हसरं चित्र, त्याखाली दोन ओळी, चार ठिपके आणि कोपऱ्यात 'वगळा'. आपण बहुतेक सगळेच ते 'वगळा' दाबून मोकळे होतो. आमच्या धंद्यात याला ऑनबोर्डिंग म्हणतात. सध्या माझ्याकडे असल्याच पानांचं काम आहे, आणि ती 'कस्टमायझेबल' हवी आहेत. म्हणजे समोरचा माणूस बघून बदलणारी. काम करताना गंमत लक्षात आली, मंडळी. हाच प्रश्न आपल्या नाटकवाल्यांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी हाताळलाय!

५ नोव्हेंबर १८४३, सांगली. विष्णुदास भाव्यांचं 'सीतास्वयंवर'. समोरच्या लोकांना कीर्तन, लळित माहीत होतं, पण हे प्रकरण नवीन. म्हणून आधी मंगलाचरण, मग विदूषकाची थट्टा, मग गणपती आणि सरस्वती, आणि मग कथानक. पण त्यानंतरही सूत्रधार आत जात नसे. पदं तोच म्हणायचा, पात्रं त्याला धरून बोलायची. थोडक्यात काय, मदत कायम पडद्यावर!

हाच प्रयोग मायक्रोसॉफ्टने 'ऑफिस ९७' मध्ये केला. ती डोळे मिचकावणारी पेपरक्लिप आठवते ना? पत्र लिहायला घेतलं की "पत्र लिहिताय का?" म्हणून हजर. फरक एवढाच, की भाव्यांच्या सूत्रधारावाचून नाटक अडलं असतं. क्लिपवाचून कोणाचंच अडत नव्हतं. २००१ च्या 'ऑफिस एक्सपी'त ती आपोआप यायची बंद झाली, आणि 'ऑफिस २००७' मधून गेलीच.

आता पुण्यात येऊ. ३१ ऑक्टोबर १८८०, आनंदोद्भव नाटकगृह. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल'. इथे पदं पात्रांच्याच तोंडी. सूत्रधार येतो, नटीशी बोलतो आणि जातो. माझ्या मते हे जमलं, कारण मधल्या ३७ वर्षांत प्रेक्षक तयार झाला होता. पण जायचं कसं? ती युक्ती कालिदासाची. नटीच्या गाण्यात सूत्रधार इतका रंगतो की आज कुठलं नाटक करायचं तेच विसरतो. ती आठवण करून देते, तेव्हा तो म्हणतो, हरणाने दुष्यंताला ओढून न्यावं तसं तुझ्या गाण्याने मला नेलं. आणि तेवढ्यात हरणाच्या मागे राजा हजर! परिचय कधी संपला नि नाटक कधी सुरू झालं, कळतच नाही. आमच्याकडे मात्र 'चला, सुरुवात करूया' दाबलं की पुढे रिकामं पान. शेवटच्या परिचय-पानाने माणसाला थेट पहिल्या कामावर नेऊन सोडलं पाहिजे.

राहिला प्रश्न बदलण्याचा. तो तमाशाने सोडवलाय. गण, गौळण, बतावणी, वग हा साचा ठरलेला. पण बतावणीत सोंगाड्या त्या गावातलं, त्या दिवसातलं काहीतरी ओवणार. मीही तेच केलं. गण ॲपमध्ये, बतावणी सर्व्हरवर. पानांचा सांगाडा पक्का; मजकूर, चित्रं आणि क्रम सर्व्हरवरच्या एका फाईलमधून येणार, नेट नसेल तर ॲपमधली प्रत दाखवायची. मजकूर चित्रात कोरायचा नाही, नाहीतर मराठीसाठी चित्र नव्याने करा, शिवाय दृष्टिहीनांचा स्क्रीन रीडर तो वाचू शकत नाही. 'परिचय पाहिला' अशी नुसती हो-नाही खूण न ठेवता कितवी आवृत्ती पाहिली तो आकडा ठेवायचा, म्हणजे जुन्या माणसाला फक्त नवं तेवढंच दिसतं. आणि सगळ्यात आधी भाषा विचारायची.

भाषेवर एवढा जोर का? कारण या पानांनंतर लगेच परवानग्या मागितल्या जातात. अँड्रॉइडवर पूर्वी ॲप घेतानाच सगळ्या परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून ज्या त्या वेळी विचारायची सोय झाली. तरी कित्येक ॲप्स पहिल्याच मिनिटाला कॅमेरा, लोकेशन, फोनमधले नंबर सगळं मागून घेतात. पहिल्यांदाच स्मार्टफोन हातात घेतलेल्या आजोबांनी किंवा घरकाम करणाऱ्या मावशींनी चार इंग्रजी पानं न कळता सरकवली आणि पाचव्यावर 'परवानगी द्या' दाबलं, तर त्याला संमती म्हणायचं का? मी तरी म्हणणार नाही. माणूस बघून पान बदलता येतं, तसं माणूस बघून फसवताही येतं. कोड दोन्हीकडे तेच असतं हो! म्हणून माझ्या फाईलमध्ये परवानगीचं पान ठेवायला जागाच नाही. फोटो काढायची वेळ येईल तेव्हा कॅमेरा मागायचा, कशासाठी ते त्याच्या भाषेत सांगून.

आणि हो, सेटिंग्जमध्ये 'परिचय पुन्हा पाहा' हे बटण ठेवलंय. घाईत 'वगळा' दाबणाऱ्यालाही कधीतरी सूत्रधाराला परत बोलवावंसं वाटतं.