आश्रयाकडून समुपदेशनाकडे : महाराष्ट्रातील ख्रिस्ती आधारकार्याची ऐतिहासिक वाटचाल

प्रस्तावना :
मुंबई-कर्जत लोहमार्गावरील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे प्रामुख्याने स्थलांतरितांच्या वस्तीतून वाढली. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात आलेल्या सिंधी निर्वासितांच्या वसाहतीस १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. पुढे अंबरनाथ येथे कारखानदारी वाढली. बदलापूर व त्यालगतच्या सोनिवलीसारख्या गावांच्या परिसरात मुंबईत घर न परवडणारी कुटुंबे स्थायिक झाली. स्थलांतरितांमागोमाग त्यांच्या उपासना मंडळ्याही आल्या. केरळमधून आलेल्या सिरो-मलबार कॅथलिकांसाठी १९८८ मध्ये कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला, तो याच प्रक्रियेचा भाग होय. आप्तस्वकीयांपासून दूर राहणाऱ्या कुटुंबात कलह, व्यसन वा नैराश्य उद्भवले असता ते कोणाजवळ बोलून दाखवावे, हा प्रश्न अशा वस्त्यांमध्ये तीव्र होतो. ख्रिस्ती समुपदेशन केंद्रे याच प्रश्नाचे एक उत्तर आहेत. प्रस्तुत लेखात या कार्याच्या महाराष्ट्रातील पूर्वपीठिकेचा मागोवा घेऊन, साहाय्य करणाऱ्याची श्रद्धा आणि साहाय्य घेणाऱ्याचे स्वातंत्र्य यांतील संबंधाचे विवेचन केले आहे.

शारदा सदन ते मुक्ती सदन :
पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढील वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. उच्चवर्णीय हिंदू विधवांना शिक्षण व आश्रय देणे हा त्याचा हेतू होता आणि धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील, असे आश्वासन देण्यात आले होते. तथापि रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेस काही मुली स्वेच्छेने बसू लागल्या, तेव्हा पुण्यात वादळ उठले. १८९३ मध्ये न्या. महादेव गोविंद रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळाने संस्थेशी असलेला संबंध तोडला; अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. रमाबाईंच्या दृष्टीने प्रार्थनेचे दार उघडे ठेवणे म्हणजे सक्ती नव्हे. टीकाकारांच्या दृष्टीने आश्रयासाठी सर्वस्वी अवलंबून असलेल्या मुलीची स्वेच्छा ही खरी स्वेच्छा नव्हे. हा वाद केवळ धर्मांतराचा नव्हता. दुर्बळ अवस्थेतील व्यक्तीवर साहाय्यकर्त्याचा किती प्रभाव असावा, हा आजच्या समुपदेशनातील मूलभूत प्रश्न त्यात अंतर्भूत होता.

१८९६-९७ च्या दुष्काळानंतर केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. तेथे परित्यक्ता व पीडित स्त्रियांसाठी कृपा सदन, तर अंध स्त्रियांसाठी बार्तीमी सदन असे स्वतंत्र विभाग होते. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनी ब्रेल लिपी शिकून अंध मुलींना शिकविले. विणकाम व छपाईसारखे उद्योगही तेथे शिकविले जात. ‘समुपदेशन’ ही संज्ञा त्या काळी रूढ नसली, तरी प्रत्येकीचे दुःख वेगळे असते व तिच्यासाठीचा उपायही वेगळा असावा लागतो, ही जाणीव या रचनेतून व्यक्त होते.

टिळकांचा ‘देवाचा दरबार’ :
रेव्ह. नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनातून त्या काळातील त्यांची घालमेल वाचकांपर्यंत पोहोचली आहे. धर्मांतराची घटना व्यक्तीची असली तरी तिचा आघात संपूर्ण कुटुंबावर होतो, हे यावरून दिसते. टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची सेवा सोडून सातारा येथे ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोहोंनाही त्यात स्थान होते. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाल्याने हा प्रयोग फार वाढू शकला नाही. परंतु सोबतीसाठी सभासदत्वाची अट नको, हा त्यातील विचार महत्त्वाचा ठरतो.

आधुनिक समुपदेशनाचा उदय :
पाश्चात्त्य देशांत अँटन बॉयसन यांनी १९२५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर येथील मनोरुग्णालयात ईश्वरविद्येच्या विद्यार्थ्यांना रुग्णांच्या सहवासात प्रशिक्षण देण्यास प्रारंभ केला. लंडनमध्ये चॅड व्हारा या अँग्लिकन धर्मगुरूंनी १९५३ मध्ये आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी दूरध्वनी सेवा सुरू केली. कॅथलिक परंपरेतील पापनिवेदनात क्षमेचा संस्कार असतो. समुपदेशनात मात्र निवाडा नसतो, ऐकणे असते. हा भेद या प्रयत्नांतून स्पष्ट झाला.

महाराष्ट्रात फादर जो परेरा यांनी १९८१ मध्ये मुंबईत कृपा फाउंडेशनची स्थापना केली. मद्य व अमली पदार्थांच्या व्यसनात सापडलेल्यांचे पुनर्वसन हे तिचे मुख्य कार्य असून वसई येथेही तिचे केंद्र आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची परस्परसाहाय्याची पद्धती आणि योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडून मिळालेली योगसाधना यांची सांगड येथे घालण्यात आली. एका कॅथलिक धर्मगुरूने योगाचा आधार घेऊन सर्वधर्मीयांसाठी कार्य करावे, ही बाब १८९३ च्या वादाच्या पार्श्वभूमीवर विशेष लक्षणीय आहे.

मर्यादा व जबाबदारी :
पाळक वा धर्मगुरू हा मंडळीतील सर्वांच्या ओळखीचा असतो. त्यामुळे त्याच्याकडे जाणे सोपे असते. त्याच कारणाने गुपित फुटण्याची भीतीही असते. मारहाण सोसणाऱ्या स्त्रीला केवळ क्षमेचा उपदेश करणे किंवा तीव्र मानसिक आजारावर केवळ प्रार्थना सुचविणे हे आधारकार्य ठरत नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्याने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीस उपचाराचा व गोपनीयतेचा हक्क दिला. म्हणूनच केंद्राने आपली मर्यादा ओळखून गरजूस वेळीच डॉक्टरांकडे किंवा कायदेशीर मदतीकडे पाठविणे आवश्यक ठरते.

निष्कर्ष :
शारदा सदन, देवाचा दरबार व कृपा फाउंडेशन या तिन्ही टप्प्यांवरून असे दिसते की, ख्रिस्ती श्रद्धेने कार्यकर्त्यांना प्रेरणा दिली. मात्र समाजाचा विश्वास साहाय्य घेणाऱ्याच्या स्वातंत्र्याची जपणूक झाली तेथेच टिकला. सोनिवली-बदलापूर पट्ट्यासारख्या बहुधर्मीय, बहुभाषिक वस्तीत मंडळीचे सभागृह आठवड्यातून काही तास जरी प्रशिक्षित, गोपनीयता पाळणाऱ्या व कोणतीही अट न घालणाऱ्या समुपदेशकासाठी खुले झाले, तरी शेजारच्या अख्रिस्ती कुटुंबालाही त्याचा आधार वाटू शकेल. आलेल्या माणसाने कोणत्या श्रद्धेने परत जावे, हे ठरविण्याचा अधिकार त्याचाच राहिला पाहिजे, हाच १८९३ च्या वादाचा आजच्या केंद्रांसाठी बोध होय.