एका घरात दोन जवाऱ्या

चपला बाहेर काढा आणि खाली बघून पाय टाका. ओसरीभर भोपळे आहेत. भाजीचे नव्हेत, हे कडू, उन्हात वाळून लाकडासारखे टणक झालेले, एकेक पाण्याच्या घागरीहून मोठा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून आलेत. एखाद्यावर टिचकी मारून बघा. नाही, इतक्या जोरात नको! आतून चाचा ओरडतील.

तुम्ही मिरजेत आहात, सतारमेकर गल्लीत. 1930च्या आसपासची चैत्रातली दुपार आहे, नेमकं साल या गल्लीत कुणी मोजत नाही. पत्रा तापलाय. लांबून जंक्शनात शिरणाऱ्या गाडीची शिट्टी येते, शेजारच्या घरात करवत चालू आहे, पलीकडे कुणीतरी एकच तार पंचवीस वेळा छेडतंय. आणि वास! शेगडीवर सरस रटरटतोय, हाडा-कातड्याचा. पहिली पाच मिनिटं नाक दाबून धराल. मग सवय होईल. घरी गेल्यावर मात्र कपडे अंगणातच काढायला लावतील.

मांडी घालून बसलेत ते चाचा. गल्लीतली पोरं त्यांना असंच म्हणतात, आपणही तेच म्हणू. घराणं शिकलगारांचं. आज्या-पणज्यांनी तलवारींना धार लावली. पुढे तलवारी म्यानातच गंजायला लागल्या, तेव्हा याच बिरादरीतल्या फरीदसाहेबांनी तंबोरे करायला घेतले आणि गल्लीचा धंदा बदलला. पोलादाला सरावलेले हात भोपळ्यावर कसे बसले, हे मला तरी कोडंच आहे.

आलाच आहात तर नुसतं बसू देणार नाहीत. हा भोपळा पाण्यात भिजून मऊ झालाय, वरचं तोंड कापलंय. बाही वर सारा, हात आत घाला आणि खरवडा. चिकट गीर, बिया, धागे. घाम पुसताना बोट ओठाला लागलं ना? आता संध्याकाळपर्यंत पाणीसुद्धा कडू लागणार. थोरला मुलगा तुमच्याकडे बघून हसतो आणि आत काठ्यांचे टेकू बसवतो, वाळताना भोपळ्यानं आकार सोडू नये म्हणून. मग गळा जोडायचा, तुनीच्या लाकडाची दांडी बसवायची, तबली चिकटवायची. महिनोन् महिने चालतं हे. मध्येच भोपळ्याला तडा गेला तर चाचा शिवी देत नाहीत, नुसते उठून पान खाऊन येतात.

तांबड्या दांडीवर पांढरी वेल कोरलेली दिसते? ती त्यांची हौस. नमुना कागदावर नसतो. मागच्या उरुसाला दर्ग्यात बघितलेली कमान, धाकटीच्या परकराचा काठ, असं काहीही त्या वेलीत येऊन बसतं. गिऱ्हाईक त्याचे जादा पैसे देत नाही, हेही त्यांना ठाऊक आहे.

ते बघा, टांगा थांबला. धारवाडकडचे एक गवई आपला तंबोरा न्यायला आलेत. चाचा त्यांना आधी पाणी देतात आणि मग म्हणतात, "सा लावा." गवई सा लावतात. काळी दोन. चाचांना स्वतःला दोन ओळी सुरात म्हणता येत नाहीत, पण डोळे मिटून ते तो गळा नीट ऐकून घेतात. गायक अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहतात, आणि वाद्यदुरुस्तीत त्यांचा स्वतःचा हात चालतो. अशा गावात नुसत्या नक्षीवर तंबोरा खपत नाही.

आता बोलू नका. जवारी काढायची आहे, तार मोकळी बोलावी म्हणून.

तारा जिच्यावर टेकतात त्या सांबरशिंगाच्या घोडीवर कानस फिरते. एकदा. बोटानं चाचपायचं, फुंकर मारायची, तार लावायची, छेडायची, पुन्हा उतरवायची. केसभर जास्त घासलं गेलं तर घोडी वाया. याच वेळी चाचांच्या पायाच्या अंगठ्याला पाळण्याची दोरी बांधलेली आहे. हात घोडीवर, पाय नातवाच्या पाळण्यावर, आणि दोघांची लय वेगळी. तुम्ही करून बघा, दोरी तरी थांबेल नाहीतर कानस तरी घसरेल.

"दोरा," चाचा म्हणतात. मुलगा आत जाऊन चाचींच्या शिवणाच्या डब्यातलं रीळ घेऊन येतो. सुताचा एक तुकडा तारेखाली, घोडीवर. चाचा तो कणाकणानं पुढे सरकवतात. बद्द, बद्द... आणि मग तार एकदम उघडते. अंगावर काटा येतो ना? चारही तारा छेडल्या जातात. पंचम, दोन जोड, खर्ज. यात गंधाराची तार नाही. भोपळ्याजवळ कान न्या. खर्जाच्या पोटातून येतोय तो गंधारच.

गवई मान डोलावतात, खिशात हात घालतात. तेवढ्यात आत भाकरी थापल्याचा आवाज थांबतो.

"दुसरी बोलते, तिसरी अजून गप्प आहे," चाची चुलीपाशीच बसून सांगतात. त्यांनी तंबोऱ्याला आजवर बोट लावलेलं नाही. तीस वर्षं आतली जवारी भाकरीची आणि बाहेरची घोडीवरची, एवढाच काय तो संबंध.

चाचा गवयांकडे बघतात, गवई तुमच्याकडे. तुम्हाला तर दोन्ही जोड सारखेच वाटले होते, खरं सांगा. चाचा तिसऱ्या तारेखालचा दोरा नखानं जेमतेम हलवतात आणि पुन्हा छेडतात.

आत भाकरीवर थाप पडते. गवई पैसे मोजू लागतात.

"आणि ते रीळ," आतून आवाज येतो, "होतं तिथे ठेवा. मागचंही गेलंय."