ऑस्ट्रेलियास स्थलांतर आणि प्रवासदृष्टी : ब्रिटिश, अँग्लो-इंडियन व वऱ्हाडी

जन्मभूमी सोडून ऑस्ट्रेलियात कायमच्या वास्तव्यासाठी जाणे आणि प्रवासाकडे पाहण्याची स्थलांतरितांची दृष्टी, या दोन विषयांचा विचार बहुधा वेगवेगळा केला जातो. परंतु ऑस्ट्रेलियाच्या बाबतीत ते एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की एकावाचून दुसऱ्याचा उलगडा होत नाही. प्रवासदृष्टी म्हणजे घर सोडणे, दूर राहणे आणि परत येणे यांविषयी एखाद्या समाजात रूढ असलेली समजूत. ऑस्ट्रेलियात वसलेले ब्रिटिश, मुंबई बंदरातून तिकडे गेलेला अँग्लो-इंडियन समाज आणि अलीकडच्या काळात वऱ्हाडातून, म्हणजे अमरावती-अकोला भागातून, गेलेली मराठी कुटुंबे यांची तुलना केली असता असे दिसते, की माणूस परक्या देशात किती रुजतो हे त्याच्या मनाच्या ओढीपेक्षा परतीची वाट किती खुली, किती खर्चाची आणि कायद्याने किती मोकळी आहे यावर अधिक ठरते.

ब्रिटिशांनी १७८८ मध्ये सिडनीच्या किनाऱ्यावर पहिली वसाहत केली ती शिक्षा झालेल्या कैद्यांची होती, आणि कैदी पाठवण्याची ही प्रथा पश्चिम ऑस्ट्रेलियात १८६८ पर्यंत चालू राहिली; म्हणजे या देशाकडे होणारा ब्रिटिशांचा पहिला मोठा प्रवास सक्तीचा होता. ज्या भूमीवर ते उतरले ती हजारो वर्षांपासून तेथील मूळ रहिवाशांची होती, तरीही ती कोणाच्याच मालकीची नाही असे गृहीत धरून कायदा उभा राहिला आणि हे गृहीतक तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या माबो खटल्यात फेटाळेपर्यंत टिकले. स्थलांतराची कोणतीही नोंद हा अन्याय वगळून पूर्ण होत नाही. पुढे १८५१ नंतर सोन्याच्या शोधात लोक स्वेच्छेने येऊ लागले आणि १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाचे संघराज्य झाले त्याच वर्षी स्थलांतर निर्बंध कायदा संमत झाला. या कायद्यानुसार येणाऱ्या माणसाला अधिकारी निवडेल त्या युरोपीय भाषेतील उतारा ऐकून लिहून दाखवावा लागे. गोरेतरांना नापास करण्याची ही रीत होती आणि ‘श्वेत ऑस्ट्रेलिया’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या धोरणाचा ती पाया ठरली.

दुसऱ्या महायुद्धानंतर लोकसंख्या वाढवली नाही तर देश राखता येणार नाही, अशी तेथील राज्यकर्त्यांची धारणा झाली. १९४५ मध्ये स्थलांतराचे स्वतंत्र खाते निर्माण होऊन आर्थर कॉलवेल त्याचे पहिले मंत्री झाले आणि ब्रिटनशी झालेल्या करारानुसार १९४७ पासून साहाय्यित प्रवास योजना अमलात आली. साहाय्यित प्रवास म्हणजे भाड्याचा बहुतेक भाग सरकारने भरून स्थलांतरिताने नाममात्र रक्कम देण्याची व्यवस्था. प्रौढ व्यक्तीला केवळ १० पौंड भरावे लागत, म्हणून या लोकांना ‘दहा पौंडी पॉम’ असे नाव पडले. ‘पॉम’ हा ब्रिटिश माणसासाठी ऑस्ट्रेलियात रूढ असलेला बोलीतला शब्द आहे. अट एवढीच होती की किमान २ वर्षे तेथे राहावे, अन्यथा सरकारने भरलेले भाडे परत करावे आणि परतीचा खर्चही स्वतःच सोसावा. तुटपुंजी मजुरी मिळवणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ही अट म्हणजे परतीची वाट बंद असल्यासारखीच होती. ब्रिटनमधील घरांची टंचाई, तेथे १९५४ पर्यंत चाललेले शिधावाटप आणि ऑस्ट्रेलियातील उन्हाचे आकर्षण यांमुळे, योजना बंद होईपर्यंतच्या साडेतीन दशकांत दहा लाखांहून अधिक ब्रिटिश या मार्गाने गेले. पुढे ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानपदी पोहोचलेल्या जूलिया गिलार्ड आणि टोनी अ‍ॅबट या दोघांचीही कुटुंबे १९६० च्या दशकात ब्रिटनमधून आलेली होती.

या स्थलांतरितांचे रुजणे सरळ झाले नाही. अनेकांना प्रथम पत्र्याच्या अर्धगोल छपराच्या लष्करी बराकींत उभारलेल्या वसतिगृहांत राहावे लागले. उन्हाने तापणाऱ्या त्या खोल्या, सार्वजनिक स्नानगृहे आणि एकत्र भोजनगृहे पाहून कित्येकांचा पहिल्याच आठवड्यात धीर खचला. जेम्स हॅमर्टन आणि अ‍ॅलिस्टेअर थॉमसन या इतिहासकारांनी पत्रे व मौखिक आठवणी यांच्या आधारे २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे दाखवले आहे, की सुमारे एक चतुर्थांश लोक ब्रिटनला परतले आणि त्या परतलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक पुन्हा ऑस्ट्रेलियात आले. फेकला की परत येणाऱ्या मूळ ऑस्ट्रेलियन हत्यारावरून त्यांना ‘बूमरँग पॉम’ म्हटले गेले. ही पुन्हा येण्याची घटना विशेष महत्त्वाची आहे. मागे सोडलेले गाव आठवणीत होते तसे उरले नाही, हे परत गेल्यावरच कळले आणि त्यानंतर केलेले दुसरे स्थलांतर पहिल्यापेक्षा अधिक जाणतेपणाने झाले. भाषा, चलनाची पद्धत आणि राजमुकुट एकच असल्यामुळे त्यांना परके कोणी मानत नसे, पण त्यामुळेच त्यांच्या घरओढीलाही कोणी दाद देत नसे. कायदाही सैल होता : ब्रिटिश प्रजाजन म्हणून नोंदलेल्या व्यक्तीला नागरिकत्व न घेता मतदान करता येई, ही सवलत नव्या नोंदीसाठी १९८४ मध्ये संपली.

त्यांच्या प्रवासदृष्टीत एक पिढीगत बदल झालेला दिसतो. पहिल्या पिढीच्या अनेक कामगार कुटुंबांसाठी सुएझ कालव्यातून होणारा, महिनाभराहून अधिक लांबणारा जहाजप्रवास हा आयुष्यातला पहिलाच विसावा होता. आयते जेवण, डेकवरचे खेळ आणि एडन, मुंबई किंवा कोलंबो येथील धावती भेट यांचे वर्णन त्यांच्या पत्रांत भरभरून येते. क्वांटास कंपनीने डिसेंबर १९४७ मध्ये सिडनी ते लंडन ही विमानसेवा सुरू केली. तिला सुमारे ४ दिवस लागत, वाटेत कलकत्ता व कराची येथे थांबा असे आणि भाडे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते. १९७० च्या दशकात मोठी विमाने आली तेव्हा जुन्या घरी एकदा जाऊन येणे शक्य झाले. याच काळात ऑस्ट्रेलियात जन्मलेली तरुण मुले उलट दिशेने लंडनकडे निघाली, वर्ष-दोन वर्षे काम करून व भटकून परत येऊ लागली आणि दूरचा प्रवास हा तेथे वयात येण्याचा जणू एक संस्कार बनला. मार्च २०१८ पासून पर्थहून लंडनला न थांबता सुमारे १७ तासांत जाता येते.

हेच ब्रिटिश लोक वऱ्हाडात मात्र रुजले नाहीत, ही तुलना वऱ्हाडच्या वाचकाला उद्बोधक वाटेल. गाविलगड किल्ला ब्रिटिश सेनापती आर्थर वेलस्लीने डिसेंबर १८०३ मध्ये घेतला, १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे आला आणि १८६० च्या दशकात कापसासाठी लोहमार्ग आले. तरीही अधिकारी बदलीवर येत, उन्हाळ्यात चिखलदऱ्याला जात आणि निवृत्तीनंतर मायदेशी परतत. येथे त्यांना सत्ता हवी होती, वस्ती नको होती. परतीचे भाडे, निवृत्तिवेतन आणि मुलांचे इंग्लंडमधील शिक्षण यांची तरतूद आधीच झालेली असल्यामुळे घर मागे ठेवूनच ते आयुष्य काढू शकले. दहा पौंड भरून गेलेल्या गवंड्याला किंवा गिरणी कामगाराला ही सोय नव्हती, म्हणून त्याने तिकडे घर बांधले.

या दोहोंच्या मध्ये अँग्लो-इंडियन समाज येतो. पितृपरंपरेने युरोपीय वंशाची, परंतु भारतातच जन्मलेली व वाढलेली व्यक्ती, अशी त्याची ढोबळ व्याख्या करता येईल. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३६६ मध्ये ती दिलेली आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मुंबई–नागपूर मार्गावर, विशेषतः भुसावळसारख्या मोठ्या रेल्वे वसाहतीत, इंजिनचालक, गार्ड, तारमास्तर म्हणून या समाजाने काम केले. न पाहिलेल्या इंग्लंडला मायदेश मानण्याची त्याची वृत्ती स्वातंत्र्याच्या वेळी कसोटीला लागली. ऑस्ट्रेलियन नौदलाचे ‘मनूरा’ हे जहाज मुंबईहून सातशेहून अधिक प्रवासी घेऊन १५ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे नेमके भारताच्या स्वातंत्र्यदिनी, फ्रीमँटल बंदरात पोहोचले. त्यांत बहुसंख्य अँग्लो-इंडियन होते. गोऱ्या ब्रिटिशांची अपेक्षा करणाऱ्या अधिकाऱ्यांना हे लोक संमिश्र वंशाचे दिसले आणि त्यानंतर प्रवेशाचे नियम कडक झाले. वंश तीन चतुर्थांश युरोपीय असल्याचा पुरावा मागितला जाऊ लागला आणि रूपरंगही पाहिले जाऊ लागले. एकाच घरातील गोरा भाऊ पात्र आणि सावळी बहीण अपात्र ठरू शकेल असा हा क्रूर नियम होता. फ्रँक अँथनी यांच्यासारखे नेते समाजाने भारतातच राहावे असा आग्रह धरत असतानाही, १९६० च्या दशकात निर्बंध सैल होताच पर्थ व मेलबर्नकडे कुटुंबेच्या कुटुंबे गेली. त्यांच्यापैकी फार थोडे परत आले.

वऱ्हाडची स्वतःची प्रवासदृष्टी वेगळ्या मुशीतून घडली. येथे प्रवासाचा रूढ अर्थ जाऊन येणे असा आहे : कौंडण्यपूरहून पंढरपूरला जाणारी रुक्मिणीची पालखी, बहिरमची यात्रा, कापसाच्या गाड्या घेऊन अमरावती किंवा खामगावची पेठ गाठणे, सोयरिकीसाठी चार गावे फिरणे, या सर्वांत परतीचा दिवस निघतानाच ठरलेला असतो. याला मोठा अपवाद संत गाडगेबाबांचा. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या या पुरुषाने १९०५ मध्ये घर सोडले ते कायमचेच. हाती खराटा घेऊन त्यांनी महाराष्ट्र पालथा घातला, पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे इतरांच्या मुक्कामासाठी धर्मशाळा उभारल्या, पण स्वतःसाठी खोली ठेवली नाही आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी वाटेतच देह ठेवला. घर नसलेला माणूस उपरा नसतो, तो सगळ्या गावांचा असतो, हा विचार त्यांच्या जगण्यातून वऱ्हाडच्या खेड्यापाड्यांत पोहोचला. स्थायिक होणे हेच प्रवासाचे फलित मानणाऱ्या ऑस्ट्रेलियन कल्पनेला याहून मोठे उत्तर सापडणे कठीण आहे.

समुद्रापलीकडे जाण्याविषयी मात्र दीर्घकाळ संकोच होता. समुद्रोल्लंघनाने धर्म बुडतो ही समजूत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत इतकी बळकट होती, की १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी यांना अमेरिकेला जाण्यापूर्वी जाहीर सभेत आपली बाजू मांडावी लागली. अमरावतीचे वकील गणेश श्रीकृष्ण खापर्डे लोकमान्य टिळकांच्या खटल्याच्या कामासाठी १९०८ मध्ये इंग्लंडला गेले आणि १९१० मध्ये परतले. अमरावतीत शालेय शिक्षण झालेले ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून, तर पापळच्या शेतकरी घरातील पंजाबराव देशमुख एडिंबरो व ऑक्सफर्ड येथे शिकून परत आले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली. या सर्वांच्या प्रवासात एक समान धागा आहे : विद्या किंवा काम पूर्ण करून मिळवलेले ते गावात आणून लावणे. देशमुखांनी उभारलेली श्री शिवाजी शिक्षण संस्था हे त्याचे सर्वांत ठळक फळ होय.

ऑस्ट्रेलियात वऱ्हाडी माणूस वसू शकला तो १९६६ मध्ये निर्बंध सैल झाल्यावर आणि १९७३ मध्ये व्हिटलम सरकारने वंशाधारित निवड संपवल्यावर. नंतरच्या गुणांकन पद्धतीत वय, शिक्षण, इंग्रजी आणि व्यवसाय यांना गुण दिले जातात; त्यामुळे अमरावती, अकोला, बडनेरा, शेगाव येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून शिकलेल्या पिढीला हा मार्ग मोकळा झाला. त्यांच्यासाठी प्रश्न भाड्याचा उरला नाही, तर कागदाचा झाला. ब्रिटिश स्थलांतरिताला जुने नागरिकत्व ठेवून नवे घेता आले. भारतीयाला १९५५ च्या नागरिकत्व कायद्यामुळे ऑस्ट्रेलियन नागरिकत्व घेताच भारतीय नागरिकत्व सोडावे लागते आणि २००५ पासून मिळू लागलेले ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशस्थ भारतीयाचे आजीव प्रवेशपत्र, मताचा व शेतजमीन विकत घेण्याचा हक्क देत नाही. ज्या भागात माणसाची ओळख वावराच्या सातबाऱ्याने ठरते तेथे ही अट जिव्हारी लागते. आईवडील नातवंडांच्या जन्माच्या वेळी काही महिने जातात आणि कपाशीच्या किंवा तुरीच्या हंगामापूर्वी परततात, तर मुले दिवाळीऐवजी तिकडच्या डिसेंबरच्या सुट्टीत येतात. न्यू साउथ वेल्समधील नॅमॉय खोऱ्यात १९६० च्या दशकापासून कापूस पिकतो आणि तेथील भेगाळणारी काळी माती वऱ्हाडच्या मातीशी जवळीक सांगते. परंतु ती सिंचनाखालची, यंत्रांनी वेचल्या जाणाऱ्या कापसाची शेती आहे आणि बहुतेक वऱ्हाडी कुटुंबे तिच्यापासून दूर, सिडनी, मेलबर्नच्या उपनगरांत राहतात. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाल्याने त्यांच्या परतीच्या वाटेचा शेवटचा टप्पा आखूड झाला आहे.

ऑस्ट्रेलियाच्या २०२१ च्या जनगणनेत देशाबाहेर जन्मलेल्यांत इंग्लंडमध्ये जन्मलेले सुमारे ९ लाख २७ हजार लोक पहिल्या आणि भारतात जन्मलेले सुमारे ६ लाख ७३ हजार लोक दुसऱ्या क्रमांकावर होते. दहा पौंडी प्रवाशांचा इतिहास लिहिता आला तो त्यांची पत्रे, ध्वनिफिती आणि घरगुती चित्रफिती जपल्या गेल्यामुळे. वऱ्हाडातून गेलेल्यांची पहिल्या वर्षांतली पत्रे आणि ध्वनिमुद्रित निरोप आज घराघरांतील ट्रंकांत व जुन्या फोनमध्ये पडून आहेत. ज्या कुटुंबांकडे ती आहेत त्यांनी ती नष्ट होऊ देऊ नयेत आणि संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठासारख्या संस्थेने ती जमवून, तारीखवार लावून अभ्यासकांसाठी खुली करावीत.